साथ निर्वासितांच्या गाठोड्यातून येत नाही

"युद्धात पडलेली प्रेतं सडली की रोगराई पसरते. तिथून पळालेले लोक ती अंगावर घेऊन शेजारच्या देशात शिरतात. एकदा छावणीत कॉलरा घुसला की डॉक्टरांचंही काही चालत नाही. सीमा बंद करणं हाच एक उपाय. सर्वांना पाठवा."

हा मेसेज पंधरा दिवसांत चार वेळा माझ्या फोनवर आला. एकदा नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, एकदा भिशीच्या ग्रुपवर, आणि दोनदा तर मी ज्यांना मान देते अशा माणसांकडून. माझी उमेदीची सगळी वर्षं पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर आरोग्यसेविका म्हणून गेली. गॅस्ट्रोची साथ कुठून येते आणि कशाने थांबते, हे मी पायी फिरून पाहिलंय. म्हणून गप्प बसवत नाही.

आधी प्रेतांचं. गोळी लागून किंवा भिंतीखाली सापडून मेलेला माणूस धडधाकट होता. त्याच्या अंगात साथीचे जंतू कुठून येणार? अपवाद आहेत, तेही सांगते. कॉलऱ्याने किंवा इबोलाने कुणी गेलं तर त्याला अंघोळ घालणाऱ्यांना धोका असतो, आणि प्रेत विहिरीत पडलं तर ते पाणी पिऊ नये. पण दुर्गंधी म्हणजे रोग नव्हे. २०२३ मध्ये लिबियात डेर्ना शहराला पुराने धुऊन नेलं आणि घाईघाईने सामूहिक दफनं सुरू झाली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रॉस यांनी मिळून सांगितलं, ही घाई थांबवा. ओळख न पटवता पुरलेल्या माणसाच्या बायकोला ना मृत्यूचा दाखला मिळतो, ना वारसाहक्क. त्याची आई वर्षानुवर्षं दाराकडे डोळे लावून बसते. रोगाच्या खोट्या भीतीपायी तिला ही शिक्षा का?

भ्यायचंच असेल तर जिवंत माणसाची विष्ठा पिण्याच्या पाण्यात मिसळण्याला भ्यावं. मेसेजमध्ये पाणी आणि संडास हे दोन शब्दच नाहीत, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे. जुलै १९९४ मध्ये रवांडातून लाखो माणसं काही दिवसांत सीमा ओलांडून शेजारच्या झैरमधल्या (आताचं काँगो) गोमा शहराजवळ पोहोचली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या दगडाची, कुदळ मारली तर ठिणगी उडेल अशी. संडास खणता येईनात. प्यायला किवू तलावाचं पाणी, आणि त्याच्याच काठावर सगळे विधी. महिन्याभरात सुमारे ५०,००० माणसं गेली, बहुतेक कॉलऱ्याने आणि रक्ती हगवणीने. त्या सरोवरांच्या पट्ट्यात कॉलरा आधीपासूनच होता. या माणसांना तो तिथे गाठायला टपलेला होता, असंच म्हणावं लागेल.

माझी पहिली साथ एका पाड्यावरची, पहिल्या पावसानंतरची. गावकरी म्हणाले, जत्रेहून आलेल्या पाहुण्याने आणली. आम्ही विहिरीवर गेलो. पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणारी ओटी टेस्ट केली, नळीतल्या पाण्याला पिवळेपणाचा लवलेश नाही. टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची, गोणी पंचायतीच्या खोलीत ओल धरून पडलेली, आणि विहिरीच्या वरच्या उतारावर अख्खा पाडा परसाकडला बसायचा. पाहुणा मात्र त्यानंतर कधी त्या पाड्यावर फिरकला नाही. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

आता "अंगावर घेऊन येतात" याविषयी. २०१७ च्या ऑगस्टपासून काही महिन्यांत सहा लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बझारला आले. त्यांच्यात घटसर्प पसरला, हे खरं आहे. का पसरला? म्यानमारमध्ये त्यांच्या मुलांपर्यंत लसच नीट पोहोचली नव्हती, आणि छावणीत झोपडीला झोपडी चिकटलेली. हजारो रुग्ण निघाले, पण आसपासच्या बांगलादेशी गावांत त्या मानाने फारच थोडे, कारण तिथल्या पोरांना लस टोचलेली होती. कॉलऱ्याची मोठी साथ येणार अशी सगळ्यांनाच धास्ती होती. ऑक्टोबरमध्ये तोंडावाटे द्यायच्या लशीचे नऊ लाख डोस आणले गेले, आणि ती साथ आलीच नाही.

हैतीत तर उलटंच घडलं. तिथे युद्ध नव्हतं, २०१० चा भूकंप होता, लाखो लोक तंबूत होते. पण कॉलरा तंबूंतून निघाला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरची घाण नदीच्या पाण्यात उतरली, आणि पुढच्या काही वर्षांत जवळपास १०,००० माणसं मेली. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. येमेनमध्येही कॉलऱ्याची साथ बाहेरून आलेल्या गरिबांवर ढकलता येत नाही. युद्धात पाण्याच्या योजना मोडल्या, सांडपाणी केंद्रं बंद पडली, सफाई कामगारांचे पगार थांबले. २०१७ संपेपर्यंत तिथे संशयित रुग्ण दहा लाखांवर गेले होते.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा आधी घेते, सीमा बंद करण्याचा. २०२० च्या मे महिन्यात मुंबई-आग्रा महामार्गावरून पोरं कडेवर घेऊन चालत निघालेली माणसं आपण नाशिककरांनी डोळ्यांनी पाहिली. कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकल्या होत्या. तो कोरोनाचा विषाणू देशात विमानाने आला होता, अनवाणी पायांनी नव्हे. आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. लाखो लोक गोदाघाटावर येणार, म्हणून रस्ते बंद करा असं कुणी म्हणत नाही. आपण नळ, संडास, क्लोरीन, दवाखाने यांचा हिशेब मांडतो. भाविकासाठी सुचतं ते निर्वासितासाठी का सुचू नये? दार लावलं की आजारी माणूस लपतो, आणि लपलेला रुग्ण आम्हाला सापडत नाही. गाझात २०२४ मध्ये, २५ वर्षांनी, पोलिओने एक बाळ लुळं पडलं. तिथल्या सीमा तर कधीच्या बंद होत्या. बॉम्बचा मारा काही तास थांबवला गेला तेव्हा कुठे लाखो मुलांना डोस देता आला.

आणि डॉक्टरांचं काही चालत नाही म्हणता? १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळच्या बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर, उलटी-जुलाबात पडलेले. सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मापाने मिसळून पुड्या बांधायला लावल्या, त्या पाण्यात विरघळवून ते पाणी नळ लावलेल्या पिंपांत भरलं आणि पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. पुढे मी पेठच्या पाड्यांवर जी ओआरएसची पाकिटं पिशवीत घेऊन फिरले, ती याच वाटेने आली. बनगावला परिचारिका मोजक्याच होत्या. पिंपाच्या नळाखाली भांडं धरून रात्रभर घोट-घोट पाजत बसले ते रुग्णांचे आईबाप, भाऊबहिणी. तेही सगळे निर्वासितच होते.