टायर दोन इंच मोठा, गाडी एकच इंच उंच

ओव्हरलँडिंगसाठी, म्हणजे मुक्कामाचं सामान घेऊन आडवाटेने लांब जाण्यासाठी, गाडी तयार करणाऱ्यांमध्ये एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: "सस्पेन्शनवर पैसे घालवण्याआधी दोन इंच मोठे, रुंद, दहा प्लायचे ऑल-टेरेन टायर टाका. गाडी दोन इंच वर येते, पकड वाढते, पंक्चर विसरा. स्पीडोमीटर थोडा चुकतो, बाकी काही बदलत नाही. हवा दाराच्या स्टिकरवर आहे तीच ठेवा."

यातली एक गोष्ट खरी आहे आणि तिच्याच जोरावर हा मेसेज चालतो. सस्पेन्शन लिफ्टने बॉडी वर जाते, पण मागचा अखंड अ‍ॅक्सल असेल तर त्याच्या मधोमध लोंबणारं डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा डबा) होतं तिथेच राहतं. दगड पहिल्यांदा तिथेच लागतो. ते डिफरन्शियल जमिनीपासून वर न्यायचं तर टायरच मोठा लागतो, दुसरा मार्ग जवळजवळ नाही. इथवर मेसेज बरोबर. पुढे मात्र त्याचं गणित कच्चं आहे.

"गाडी दोन इंच वर येते"

टायरच्या साइडवॉलवरचे आकडे घेऊन कागदावर मांडा. पुष्कळ गाड्यांवर कंपनीतून येणारं एक माप २६५/६५ आर १७ आहे. २६५ मिमी रुंदी, तिच्या ६५ टक्के साइडवॉल म्हणजे सुमारे १७२ मिमी, अशा दोन साइडवॉल अधिक १७ इंचांची रिम: एकूण व्यास ७७६ मिमी. लोक त्यावरून उडी मारतात ती २८५/७० आर १७ वर. तिचा व्यास ८३१ मिमी. फरक ५५ मिमी, म्हणजे दोन इंचांना किंचित वर. पण धुरा, म्हणजेच अ‍ॅक्सल, चाकाच्या मध्यावर असतो. वाढलेल्या व्यासातला अर्धा भाग धुऱ्याच्या वर जातो आणि मडगार्डमधली जागा खातो. खाली उरतात २७ मिमी. वाळूत हवा सोडली की टायर बसतो आणि त्यातलेही काही मिलिमीटर परत जातात.

एक इंच क्लिअरन्स काही कमी नाही. खडकाळ वाटेवर घासणं आणि सुटणं यात तेवढंच अंतर असतं. फक्त दोन इंच मिळाले असं समजून चाकांमधून दगड घेऊ नका.

"रुंद टायर म्हणजे जास्त पकड"

हा समज सगळ्यात चिवट आहे.

टायर जमिनीला किती टेकतो हे ढोबळमानाने दोनच गोष्टी ठरवतात: चाकावरचं वजन आणि आतली हवा. एका चाकावर ६०० किलो आहेत आणि हवा ३५ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.४६ किलो. भागाकार करा: सुमारे २४४ चौरस सेंटिमीटर. हवा १८ वर आणा, तोच टायर सुमारे ४७४ चौरस सेंटिमीटर टेकतो. (साइडवॉलही थोडं वजन पेलते, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे थोडे वेगळे येतात. कल बदलत नाही.) या गणितात रुंदी कुठेच आली नाही. रुंदीने टेकलेल्या भागाचा आकार बदलतो: रुंद टायर आडवा आणि आखूड टेकतो, अरुंद टायर लांबट टेकतो. हवा सोडली की टेकलेला भाग मुख्यतः लांबीला वाढतो, आणि मऊ जमिनीवर गाडी तरते ती बरीचशी या लांबीमुळे.

याचं चांगलं उदाहरण १६ इंची रिमवर सापडतं. २३५/८५ आर १६ आणि २६५/७५ आर १६ हे दोन टायर शेजारी उभे करा. व्यास ८०६ आणि ८०४ मिमी, म्हणजे उंचीला एकच. रुंदीत ३० मिमीचा फरक. चिखलाखाली कडक तळ असेल तर अरुंद टायर चिखल कापून तळाला लागतो आणि चालतो. रुंद टायर वरच्या लगद्यावर घसरत बसतो, शिवाय पुढे चिखलाचा बांध ढकलत नेतो. खोल भुसभुशीत बर्फात किंवा तळच नसलेल्या दलदलीत उलटं होतं, तिथे रुंद टायरच बरा. डांबरावर साचलेल्या पाण्यातून वेगाने जाताना पुन्हा अरुंदाची बाजू वरचढ. तेव्हा पकड हवी असेल तर आधी सांगा, कशावर?

मला विचाराल तर पहिली खरेदी हवेचं खात्रीचं मीटर आणि छोटा कॉम्प्रेसर. टायर नंतर. जुन्याच टायरमधली हवा सोडून ज्या वाळूतून गाडी निघते, त्याच वाळूत ३५ ची हवा ठेवून नवे रुतवलेले टायर मी फावड्याने उकरले आहेत.

"दहा प्लाय, पंक्चर विसरा"

टायर कापसाच्या धाग्याचे होते तेव्हा थर मोजून ताकद सांगत. आजचं 'दहा प्लाय' म्हणजे लोड रेंज ई, एक श्रेणी. आत दहा थर नसतात, साइडवॉलमध्ये बहुधा पॉलिस्टरचे दोन किंवा तीन असतात. सी म्हणजे सहाची श्रेणी, डी म्हणजे आठाची. एलटी (लाइट ट्रक) प्रकारच्या टायरांत या श्रेणींचं कमाल वजन सहसा अनुक्रमे ५०, ६५ आणि ८० पीएसआयला मोजलेलं असतं. म्हणजे श्रेणी तुम्हाला सांगते की टायर किती हवा आणि त्या हवेवर किती ओझं पेलेल. खिळ्याबद्दल ती काही बोलत नाही.

जाड टायरची साइडवॉल धारदार दगडाला जास्त दाद देत नाही, हे कबूल. पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते. साधा रस्त्याचा २६५/६५ आर १७ सोळा-सतरा किलोंच्या आसपास असतो, ई श्रेणीचा २८५/७० आर १७ पंचवीसच्या पुढे जातो. चार चाकं आणि स्टेपनी धरून चाळीस-पंचेचाळीस किलो वाढले. तेवढ्याच किलोंचं पाणी गाडीतून कमी करा, कारण गाडीची एकूण वजनाची मर्यादा टायर बदलून वाढत नाही. पुष्कळांना वाटतं वाढते. टायरवर १२१ लोड इंडेक्स, म्हणजे १४५० किलो, छापलेला असला तरी स्प्रिंग, धुरा, बेअरिंग आणि ब्रेक जुनेच आहेत.

आणि एवढ्या टायरची गरज तरी आहे का? त्याच २८५/७० आर १७ मापात सी श्रेणीचा टायर ११६ इंडेक्सचा मिळतो, एका चाकाला १२५० किलो. चार चाकांचे पाच टन. तीन टनांच्या गाडीला तो पुरून उरतो, वजनाने हलका असतो, आणि हवा सोडल्यावर पटकन वाकून दगडाला बिलगतो. दगडाला बिलगणारा टायर कापला जाण्याची शक्यता ताठ टायरपेक्षा कमी असते. फक्त फुगलेली साइडवॉल कडेच्या दगडांपासून जपायला हवी.

"स्पीडोमीटर थोडा चुकतो, बाकी काही बदलत नाही"

या एका ओळीत पाच-सहा चुका आहेत.

स्पीडोमीटरपासूनच सुरू करू. ७७६ वरून ८३१ म्हणजे सात टक्के वाढ. काटा १०० वर असताना गाडी १०७ ने पळते. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम म्हणतो की काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, त्यामुळे बऱ्याच गाड्यांचा काटा मुळात थोडा जास्त दाखवणारा असतो. तीनेक टक्क्यांची वाढ त्या फरकात बहुधा जिरते, सात टक्क्यांचं सांगता येत नाही. जीपीएसशी ताडून पाहा. अंतराच्या मीटरला मात्र अशी सवलत नसते. ५०० किलोमीटर गेल्यावर तो ४६७ दाखवतो. गाडी अचानक जास्त पिते असं वाटतं (थोडी खरंच पिते, पण दिसतं तेवढी नाही), सर्व्हिस उशिरा होते, आणि "चाळीस किलोमीटरवर डावीकडे" असं कुणी सांगितलं असेल तर तुमच्या मीटरवर तो फाटा साडेसदतीसलाच येतो.

याहून महत्त्वाची गोष्ट गिअरची. चाक म्हणजे तरफ. त्रिज्या ३८८ वरून ४१५ मिमी झाली की त्याच टॉर्कमध्ये जमिनीवर लागणारा जोर साडेसहा टक्क्यांनी घटतो. ४.१० चा फायनल ड्राइव्ह (धुऱ्यावरच्या शेवटच्या गिअरचं गुणोत्तर) ३.८३ असल्यासारखा वागतो. रिकाम्या गाडीला हे जाणवणार नाही. छतावर तंबू, मागे पाणी, डिझेल, फ्रिज आणि समोर चढ असला की ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वरचा गिअर टाकत-काढत बसतो आणि तापतो. लो रेंजच्या (अवघड वाटेसाठीच्या कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरच्या) पहिल्या गिअरमध्ये गाडी आधीपेक्षा सात टक्के जोरात रांगते. उतारावर हे नको असतं. तिथे इंजिनाचा ब्रेक ढिला पडतो, आणि तेवढाच वेग रोखायला ब्रेक पॅडल सात टक्के जास्त दाबावं लागतं, कारण ब्रेकचीही तरफ त्याच हिशोबाने बिघडली आहे. वर प्रत्येक चाकाला आठ-नऊ किलो बाहेरच्या कडेला चिकटले आहेत. तेही फिरवायचे आणि थांबवायचे आहेत.

आता स्टेपनी. मेसेज लिहिणाऱ्याने हिचा विचारच केलेला नाही. चार नवे टायर घेतात, पाचवा जुना, लहान. मग निर्जन वाटेवर टायर फाटतो, सात टक्के लहान चाक लागतं, आणि त्या धुऱ्यावरचं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरही अखंड फिरत राहतं. गाडी कायमची फोर-व्हील असेल तर मधलं डिफरन्शियलही त्यात ओढलं जातं. एरवी ते फक्त वळणावर काम करतं, इथे शेकडो किलोमीटर तापत जातं. लॉकर (दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायला लावणारं कुलूप) लावायची वेळ आली तर दोन वेगळ्या घेरांची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मोडायचं ते आतलं काहीतरी मोडतं. म्हणून टायर घ्यायचे तर पाच. पाचही आलटून पालटून चालवायचे, म्हणजे झीज सारखी राहते.

पाचवा घेतलात तर तो ठेवणार कुठे? गाडीच्या पोटाखालची जागा ७७६ साठी घडवलेली आहे. ८३१ चा टायर तिथे सायलेन्सरला टेकतो किंवा बसलाच तर बंपरखाली लोंबतो आणि मागच्या उताराचा कोन (उतरताना मागचा भाग घासू नये म्हणून लागणारी मोकळीक) खातो. ज्या कोनासाठी टायर वाढवला तोच. दारावर लटकवला तर बिजागऱ्या कुरकुरतात. छतावर नेलात तर गाडीचा तोल आणखी वर जातो.

लांबच्या वाटेवर निघणाऱ्याने आणखी एक पाहावं: आडगावात हे माप मिळेल का? नेहमीच्या मापाचा टायर कुणाच्या तरी गाडीवर, कुणाच्या तरी शेडमध्ये सापडतो. हौसेच्या मापासाठी थांबून राहावं लागतं.

घासण्याबद्दल थोडक्यात. दुकानात सपाट जमिनीवर, रिकाम्या गाडीत टायर बसला याला काही अर्थ नाही. सामान भरा, एक पुढचं चाक दगडावर चढवा, दुसऱ्या माणसाला बाहेर उभं करा आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. लायनर, मडफ्लॅप, बॉडी माउंट, वरचा कंट्रोल आर्म, चारही ठिकाणी पाहा. बाहेर काढलेल्या ऑफसेटची, म्हणजे चाक बाहेरच्या बाजूला सरकवणारी, रिम असेल तर टायर मोठ्या वर्तुळात फिरतो आणि आधी न लागणाऱ्या ठिकाणी लागतो. बर्फात साखळ्या लावायच्या असतील तर त्यांची जाडी वेगळी धरा.

"हवा दाराच्या स्टिकरवर आहे तीच"

तो स्टिकर कंपनीने बसवलेल्या टायरसाठी आहे. साध्या टायरच्या जागी एलटी टायर आला की तेवढंच ओझं पेलायला त्याला जास्त हवा लागते. नेमकी किती, हे त्या मापाच्या वजन-हवा तक्त्यात प्रत्येक धुऱ्यावरचं वजन बघून काढायचं. त्यासाठी गाडी एकदा भरल्या सामानाने वजनकाट्यावर न्या. खडूची रेघ मारून झीज पाहण्याची युक्ती चांगली, पण तक्त्यानंतर. रेघ सारखी पुसली म्हणजे टायर वजन पेलतोय असं सिद्ध होत नाही. उलट टोकाची चूकही होते, साइडवॉलवरचा ८० चा आकडा पाहून ८० भरण्याची. ती त्या टायरची कमाल आहे.

कमी हवा, जास्त ओझं आणि वेग एकत्र आले की टायर आतून तापतो. २००० च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले, त्यात वाइल्डरनेस एटी हे ऑल-टेरेन टायरही होते. वरचा रबराचा पट्टा धावत्या गाडीत सुटून येत होता. फोर्डने त्यांच्या एक्स्प्लोररसाठी २६ पीएसआय सांगितलं होतं. टायर वाईट की हवा कमी, यावर दोन्ही कंपन्यांचं जाहीर भांडण झालं. त्याच वर्षी अमेरिकेत झालेल्या कायद्यातून पुढे नव्या गाड्यांना हवेचा दाब सांगणारी यंत्रणा बंधनकारक झाली. डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा तिथून आला.

माझ्या गाडीवर मूळ २६५/६५ च्या जागी आता २६५/७० आर १७ आहे, सी श्रेणीचा. खाली तेरा मिलिमीटर जास्त, स्पीडोमीटरच्या काट्यात साडेतीन टक्क्यांचा फरक, पाचही एकाच तारखेचे. स्टेपनी पोटाखाली बसते, जेमतेम. सायलेन्सर आणि तिच्यात दोन बोटं जागा उरते.