टपावर नव्हे, बसमध्येच!

नमस्कार सर,

नेहमी चुकणाऱ्या प्रीपोझिशन्सवरच्या माझ्या लेखाची तुम्ही चांगलीच झडती घेतलीत. तुमचे आक्षेप तीन: माणूस टपावर बसत नाही, तेव्हा 'ऑन द बस' हा शुद्ध वेडेपणा, 'डिफरंट'पुढे फक्त 'फ्रॉम'च, हे मी ठोकून दिलेलं चूक, आणि आपण आपल्या वळणाचं इंग्रजी बोललो तर बिघडलं कुठे?

दुसरा आक्षेप बिनशर्त मान्य. ब्रिटनमध्ये बोलताना 'डिफरंट टू' सर्रास चालतं, अमेरिकेत 'डिफरंट दॅन'. शाळेत घोकलेलं मी न तपासता लिहून टाकलं.

टपाचं मात्र पटलं नाही. 'ऑन' म्हणताना इंग्रजांच्या डोळ्यांपुढे टप नसतो, पायाखालची फरशी असते. जिथे उभं राहून चार पावलं टाकता येतात, म्हणजे बस, ट्रेन, विमान, जहाज, तिथे 'ऑन'. वाकून शिरायचं आणि गुमान बसायचं, म्हणजे कार, टॅक्सी, रिक्षा, तिथे 'इन'. लहानशा होडीलाही 'इन'च. 'इन द बस' अगदीच चूक नाही, पण 'मी बसने येतोय' एवढंच सांगायचं तर 'ऑन' बरं. आणि तर्कच लावायचा तर आधी मराठीला लावा की! आपण पुण्याला जातो पण कोकणात जातो, शाळेत जातो पण ऑफिसला जातो, घरी जाताना तर तिसरंच काहीतरी. हे एखाद्या परदेशी माणसाला पटवून दाखवा.

तिसऱ्या मुद्द्यावर मी अर्धा तुमच्या बाजूचा आहे. आपला 'प्रीपोन' (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसलाय. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही, पण 'डिस्कस अबाउट' म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं, फक्त आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेला बसलेल्या पोराने ते टाळावं, कारण तिथे लेखनाचे 25 टक्के गुण व्याकरणाला असतात. पण काही ठिकाणी अर्थच उलटतो. नोकरीत नवा असताना पावसात अडकलो आणि साहेबांना मेसेज केला, 'आय ॲम इन द वे'. मनात होतं 'वाटेत आहे', म्हणजे 'ऑन द वे'. इंग्रजीत त्याचा अर्थ झाला 'मी आडवा येतोय'. साहेबांचं उत्तर: 'देन प्लीज मूव्ह.' तसंच 'मॅरीड विथ'चं. 'तिच्याशी लग्न' मधला 'शी' आपल्याला 'विथ'कडे ढकलतो, हवं असतं 'टू'. 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' मात्र बिनचूक आहे: लग्न झालंय, दोन मुलं आहेत. (लग्न मुलांशी झालेलं नाही.)

'सिन्स' आणि 'फॉर'चा घोळ तर आपल्या 'पासून'नेच घातलाय, आणि तो सोडवायलाही मराठीच कामी येते. वाक्यातून 'पासून' काढून बघा. 'तीन दिवसांपासून ताप आहे' याचं 'तीन दिवस ताप आहे' होतं, म्हणून 'फॉर थ्री डेज'. 'सोमवारपासून ताप आहे' मधला 'पासून' काढला तर वाक्य लंगडं पडतं, म्हणून 'सिन्स मंडे'. हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, शिकवणीत मुलांशी झगडताना सापडलं. तुमच्या वर्गात कुठे फसलं तर जरूर कळवा.

लेखातली 'डिफरंट'ची ओळ आज दुरुस्त केली आहे. 'ऑन द बस'ची तशीच ठेवली आहे.