बारा खुंट्या

एकटीने डोंगरात जाऊन एक रात्र तंबूत काढायची, हे मी चार जणांना सांगितलं. खरं तर चौघांनीही मला थांबवायला हवं होतं. त्यांनी सामान दिलं.

सॅक मावसभावाची, तंबू मैत्रिणीचा, स्लीपिंग बॅग ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची आणि स्टोव्ह मैत्रिणीच्या नवऱ्याचा. फुकटात सगळी सोय झाली म्हणून मी खूश. उसन्या वस्तूच्या मागोमाग तिचा मालकही येतो, हे नंतर कळलं. "तंबू तिघांचा आहे, तुला एकटीला ऐसपैस होईल," मैत्रीण म्हणाली. त्या ऐसपैसपणाचं वजन साडेचार किलो होतं. "आणि खुंट्या बारा आहेत. मोजून ने, मोजून आण." सहकाऱ्याचं म्हणणं फक्त एवढंच, की बॅग ओली होऊ देऊ नका, मॅडम. स्टोव्हवाल्याने तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही हे तीनदा बजावलं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस गार. त्यानंतर त्याच सुरात, स्टोव्हला पोचा येऊ देऊ नकोस, हेही सांगितलं. दादा तेवढा दिलदार. "रिकामी अडीच किलो भरते. लागेल ते सगळं आहे तिच्यात," म्हणाला आणि सॅक देऊन मोकळा झाला.

आदल्या रात्री सगळं भरलं, सॅक पाठीवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले आणि माझे स्वतःचे ५८ किलो वजा केले. उरले २१. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं घेऊ नये म्हणतात. म्हणजे मला साडेअकरा किलोपाशीच थांबायला हवं होतं. एकेका वस्तूचं वजन मांडून पुन्हा बेरीज केली, तर ती २० किलो ४०० ग्रॅमच येत होती. वरचे ६०० ग्रॅम कुठले ते काही कळेना. काट्याला दोष दिला आणि सोडून दिलं. कमी करायचं म्हटलं तरी काय करणार? चार लिटर पाणी म्हणजे चार किलो, तिथे घासाघीस चालत नाही. बऱ्याच विचारांती एक रुमाल बाहेर काढला.

वेळेचा हिशोबही मी पक्का केला होता. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला. आजच्या मापात तो साधारण असा: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. माझी वाट आठ किलोमीटरची, चढ ६०० मीटरचा. म्हणजे दोन तास छत्तीस मिनिटं. मला साडेपाच तास लागले. नेस्मिथसाहेबांनी दादाची सॅक हिशोबात धरलेली नव्हती.

त्यातला बराच वेळ तर नुसता उठण्यात गेला. विसावा म्हणून सॅकसकट बसायचं, आणि निघताना उठायला गेलं की सॅक जागची हलायची नाही, मीच मागे जायचे. मग कुशीवर वळून गुडघ्यांवर यायचं, जवळचं झाड गाठायचं आणि त्याला कवटाळून उभं राहायचं. तिसऱ्या झाडाला मिठी मारून उभी असताना वरून एक आजी उतरत आल्या. वय सत्तरीच्या पुढे, पाठीवर एवढीशी पिशवी. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "अगं, तो कमरेचा पट्टा शोभेला दिलाय का?" मी तो पोटावर सैल सोडला होता. आजींनी तो माझ्या कमरेच्या हाडांवर आणून असा काही आवळला, की खांद्यांवरचं निम्म्याहून जास्त ओझं खाली उतरलं. मग सॅक उघडायला लावून तळाचा तंबू आणि बाहेरच्या कप्प्यांतल्या बाटल्या आत पाठीलगत बसवल्या. "जड ते पाठीशी," म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या एकूण किती सामान घेऊन हिंडतात, हे विचारायची हिंमत झाली नाही.

मुक्कामाची जागा सपाट होती, पण जमीन कातळासारखी. पहिली खुंटी हाताने जाईना. दगडाने ठोकली, तर जमिनीत शिरायच्या ऐवजी शांतपणे वाकली. दुसरीनेही तेच केलं. बाकीच्या दहा कशाबशा बसल्या, पण मला दिसत होत्या त्या दोनच. तंबूसमोर बसून अर्धा तास त्या दगडावर धरून सरळ करत होते. त्या नादात सूर्यास्त झाला आणि तो बघायलाच तर मी आले होते.

रात्री वाऱ्याच्या भीतीने मी तंबूचे सगळे झरोके, सगळ्या चेनी गच्च बंद केल्या. मध्यरात्री नाकावर थेंब पडला. पाऊस! डोकं बाहेर काढून बघते तर आभाळ निरभ्र, ताऱ्यांनी खच्चून भरलेलं. पाऊस फक्त तंबूत होता. माझाच श्वास गार कापडावर जमून थेंबाथेंबाने परत येत होता. बॅग ओली होऊ देऊ नका, मॅडम! पहाटेपर्यंत मी बॅगेचं बोचकं करून पोटाशी धरलं आणि जॅकेट घालून तंबूच्या मधोमध, कुठल्याच भिंतीला न लागता, उकिडवी बसून राहिले. तिघांच्या तंबूचा तेवढा एक उपयोग झाला.

परत आल्यावर चौघांचं सामान पुसूनपासून वेगळं केलं. बॅग कोरडी, स्टोव्हला पोचा नाही. खुंट्या बारा, त्यातल्या दोन जरा विचित्र. पहिल्यांदा सॅक द्यायला दादाकडे गेले. त्याने ती उलटी केली, अगदी बुडाची, मला कधी दिसलीच नव्हती अशी एक चेन उघडली आणि आतून लाकडी दांड्याची हातोडी काढली.

"आहे ना जागेवर," तो समाधानाने म्हणाला. "खुंट्या ठोकायला बरी पडली की नाही?"

मी तंबूची पिशवी उघडली आणि त्या दोन खुंट्या त्याच्यासमोर ठेवल्या.