‘20 मिनिटांत ब्रेक पॅड’ : त्या मेसेजमधलं खरं किती, जीवघेणं किती

दारव्हा-दिग्रसकडच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज सारखा फिरतो आहे. त्याचा मजकूर थोडक्यात असा : कारचे ब्रेक पॅड घरीच 20 मिनिटांत बदला, जॅक आणि पाना पुरे. डिस्कला (पॅड जिला चिमटतात त्या, चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीला) काही होत नाही, ती बदलणं ही गॅरेजवाल्यांची लूट. पॅड किती उरला ते चाकाच्या फटीतून दिसतं. पिस्टन (पॅडला डिस्कवर दाबणारा दट्ट्या) टामीने मागे रेटा, ब्रेक ऑइल कमी वाटलं तर कुठलंही टाका. आवाज आला तर पॅडला ग्रीस लावा. चाक चढवलं की निघा.

हे काम घरी होतं, एवढं मला मान्य आहे. मी घरीच करतो, आणि खेड्यातल्या माणसाने ते शिकावं असं मनापासून वाटतं. गाडी तालुक्याला न्यायची तर दिवस मोडतो, आणि सोयाबीन काढणीत असा दिवस कुठल्या कास्तकाराकडे असतो? म्हणूनच या मेसेजचा संताप येतो. शिकू पाहणाऱ्या पोराला तो अर्धवट कृती देतो, आणि त्याच गाडीत मागे म्हातारी आई आणि लेकरं बसणार असतात.

‘जॅक आणि पाना पुरे.’ गाडीसोबत मिळतो तो जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर चाकाच्या आत हात घालू नका. त्यात आपली काळी माती. पावसाळ्यात जॅक तिच्यात हळूहळू खचतो, उन्हाळ्यात भेगेच्या कडेवर कलंडतो. काम कोब्यावर किंवा सिमेंटच्या सपाट जागेवर करा, गाडी जॅक स्टँडवर टेकवा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ओंडके लावा. स्टँडऐवजी विटा लावणारे मी पाहिले आहेत. वीट आधी इशारा देत नाही, एकदम फुटते.

‘डिस्कला काही होत नाही.’ सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. डिस्क बिडाची असते आणि पॅडसोबत तीही झिजते. किती झिजू द्यायची ते बनवणाऱ्यानेच ठरवलेलं असतं. बहुतेक डिस्कवर कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली सापडते. गंज पुसा, आकडा वाचा, मग मोजा. मोजतानाही फसगत होते. पॅड जिथे पोचत नाही ती बाहेरची कड झिजत नाही, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) त्या कडेवर टेकतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. त्यासाठी दोन्ही बाजूंना एकसारखं एकेक नाणं धरा, मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार जागी मोजा. पातळ झालेली डिस्क कमी उष्णता सामावते, लवकर तापते, तडकते. जाडी पुरेशी असेल, खोल चरे नसतील, तडा नसेल, तर डिस्क राहू द्या. पॅडसोबत दर वेळी डिस्कही बदलायला लावणारे आहेतच, त्यांच्याबद्दलची मेसेजमधली तक्रार रास्त आहे.

ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरलं की ‘डिस्क वाकली’ म्हणायची पद्धत आहे. बऱ्याचदा दोष असतो तो हब (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात तो भाग) आणि डिस्कच्या मध्ये अडकलेल्या गंजाचा. तिथली कीटण डिस्कला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी जरी तिरकी बसवत असली, तरी डिस्क डुलत फिरते, काही हजार किलोमीटरमध्ये कमी-जास्त जाड होते आणि नव्या डिस्कचे पैसे पाण्यात जातात. म्हणून हब तारेच्या ब्रशने चकचकीत करा. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने किंवा भांड्यांच्या साबणाने धुऊन डिस्क कोरडी करा. जुनी धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने टिपा.

‘फटीतून दिसतं.’ दिसतो तो बाहेरचा पॅड. कॅलिपर, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरून ठेवणारा सांगाडा, ज्या पिनांवर सरकतो त्या मुरमाच्या धुळीने आणि चिखलाने जाम झाल्या, की आतला पॅड आधी संपतो. बाहेर निम्मा शिल्लक, आत लोखंडाला लोखंड. चाक काढूनच पाहा. एका बाजूचा थर 3 मिलिमीटरवर आला तरी दोन्ही चाकांचे पॅड सोबतच बदला.

‘टामीने रेटा, कुठलंही ऑइल टाका.’ टामीने पिस्टनचं रबर फाटतं. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने सावकाश दाबा. तोवर कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. काही गाड्यांत मागेही डिस्क असते आणि हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असतो. तो पिस्टन बहुधा फिरवत आत न्यावा लागतो, नुसता दाबला तर कॅलिपर गेला.

पॅड झिजला की पिस्टन बाहेर येतो, म्हणून ऑइलची पातळी उतरते. नवे पॅड बसले की ती आपोआप वर येते. आधीच भरून ठेवलं असेल तर उतू जातं आणि रंग खातं. इंजिन ऑइल तर थेंबभरही नको. त्याने आतली रबरी सीलं फुगतात, ब्रेक अडकतात, मास्टर सिलिंडरपासून होजपर्यंत सगळं बदलावं लागतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच वापरा, तेही सीलबंद डब्यातलं, कारण हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट 4 प्रकारचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की ही हद्द 155 अंशांवर येऊ शकते. सुमारे 1,100 मीटरवरच्या चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे भरल्या गाडीने उतरताना हा फरक पेडलखाली कळतो : ऑइल उकळतं, वाफ होते, पाय तळाला जातो.

‘पॅडला ग्रीस.’ घासणाऱ्या बाजूला कधीच नाही. लागलं तर तो पॅड फेका. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा, बेअरिंगचं ग्रीस तिथलं रबर फुगवतं.

‘चाक चढवलं की निघा.’ नव्या पॅडनंतर पहिल्यांदा पेडल सरळ तळाला जातं, कारण पिस्टन मागे असतो. गाडी जागची हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबा, ऑइलची पातळी पाहा. कॅलिपरचे बोल्ट आणि चाकाचे नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या जोरावर) आवळा, नट समोरासमोरचे. पान्यावर उभं राहू नका. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी 50 वरून 10 पर्यंत आठ-दहा वेळा बेताने वेग उतरवा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवू नका.

एवढं करूनही पेडल लिबलिबीत लागलं, ऑइल कुठे झिरपताना दिसलं किंवा एबीएसचा दिवा विझेना, तर मिस्त्रीला घरी बोलवा. गाडी चालवत त्याच्याकडे नेऊ नका.