देवाला जायला तिकीट?

परवा नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरत आला. "लेण्याद्रीच्या गणपतीला जायला तिकीट! आपल्याच देवाच्या दर्शनाला आपणच पैसे मोजायचे?" खाली लाल चेहऱ्यांची रांग. मी तिथे गप्प बसलो, कारण त्या ग्रुपमधल्या दोन घरांत पुढच्या महिन्यात लग्नं आहेत. म्हणून इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेण्याद्रीला तिकीट असावं. आणि मी हे संकष्टी करणारा माणूस म्हणून सांगतोय.

२०१९ च्या डिसेंबरात आम्ही घरची अकरा माणसं मिनीबस करून अष्टविनायकाला निघालो होतो. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, मग जुन्नरच्या बाजूला. लेण्याद्रीच्या पायथ्याशी पुरातत्त्व खात्याची खिडकी आहे. तेव्हा माणशी २५ रुपये होते, १५ वर्षांखालच्या पोरांना फुकट. आमचे भावोजी तिथेच अडले. "पैशाचा प्रश्न नाही," म्हणाले, "तत्त्वाचा आहे." तत्त्वाचा प्रश्न असला की भावोजी हात खिशाबाहेर काढत नाहीत, हा आमचा जुना अनुभव. शेवटी मी सगळ्यांची तिकिटं काढली. आईला डोली केली, तिचे गुडघे तेव्हाच गेले होते. दोन तरुण पोरं तिला घेऊन तीनशेच्या आसपास पायऱ्या अशी चढून गेली, की आम्ही मागून धापा टाकत पोचलो तेव्हा ती वर बसून माकडांवर लक्ष ठेवत होती. तिथली माकडं माणसाच्या हातातली पिशवी आणि तोंडावरची श्रद्धा दोन्ही अचूक ओळखतात. प्रसाद उघडा नेलात तर तो तुमचा नाही.

गिरिजात्मजाचं, म्हणजे लेण्याद्रीच्या गणपतीचं, देऊळ म्हणजे सात नंबरचं लेणं. आत भलामोठा सभामंडप, आणि त्यात एकही खांब नाही. छत बसकं, वर अख्खा डोंगर. गर्दीत बहुतेकांच्या लक्षात येत नाही, पण भिंतींकडे बघा. दोन्ही बाजूंना सात-सात खोल्या आणि मागच्या भिंतीत सहा. वीस. देवळाला वीस खोल्या कशाला लागतील? तो विहार आहे. पावसाळ्यात बौद्ध भिक्षूंनी फिरायचं नाही, एका जागी वर्षावास करायचा, त्यासाठी कोरलेला. मागच्या भिंतीतल्या मधल्या खोल्यांच्या जागी आज आपला गणपती आहे, शेंदूर लावलेला, खडकातलाच. तो पाठमोरा आहे असं मानतात. आणि मागे सगळा डोंगरच असल्यामुळे त्याला प्रदक्षिणा घालता येत नाही.

आईला तेच खुपलं. आयुष्यभर तिनं देवाला फेरी घातल्याशिवाय देऊळ सोडलेलं नाही. "निदान स्वतःभोवती तरी फिर," भावोजी म्हणाले. ती फिरली, पण तिचं समाधान झालं नाही.

टूरवाल्यांचा कार्यक्रम इथेच संपतो. लेण्याद्रीला एक तास, त्यात चढणं, उतरणं, दर्शन आणि खाली उसाचा रस. आमच्याही ड्रायव्हरनं खालून फोन करायला सुरुवात केली होती, ओझरचा गणपती व्हायचा होता. मी आईला म्हटलं, "अगं, शेजारी एक जागा आहे, दोन मिनिटं चल." शेजारी म्हणजे अगदी शेजारी, सहा नंबरचं लेणं. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती आणि इथे आम्ही दोघंच.

तो चैत्य आहे, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह. कमानदार छत, दगडात कोरलेल्या फासळ्या, दोन्ही बाजूंना खांब आणि शेवटी स्तूप. आई थोडा वेळ बघत उभी राहिली. मग तिनं चपला नाहीत ना याची खात्री केली, पदर सारखा केला आणि खांबांच्या मागून, माझा हात धरून, स्तूपाला सावकाश एक प्रदक्षिणा घातली. "तिथं फिरता आलं नाही, इथं येतं," एवढंच म्हणाली. तिला तो स्तूप आहे हे मी सांगितलं होतं. बुद्धाचा, हेही सांगितलं होतं. तिनं "बरं" म्हटलं होतं.

खरी गंमत पुढे आहे. त्या चैत्यात ब्राह्मी लिपीत एक लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. त्याचा अर्थ असा, की हे चैत्यगृह हे दान आहे, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं. हेरणिक म्हणजे सोन्याचं काम करणारा, सोनार म्हणा. कल्याणच्या! मी आईला हे सांगितल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती लग्न होऊन कल्याणात आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती. तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "सोनाराचा मुलगा ना? म्हणजे पारनाक्याचा असणार."

आमच्या कल्याणातल्या पारनाक्याचा नसेल, पण तो इथवर कसा आला हे मात्र कळण्यासारखं आहे. कल्याण तेव्हा बंदर होतं. माल उतरायचा, बैलांवर लादला जायचा, नाणेघाट चढून जुन्नरला यायचा आणि तिथून पैठणकडे. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. घाटातल्या गुहेत सातवाहनांच्या नागनिका राणीचा लेख आहे, तिच्या घराण्यानं केलेल्या यज्ञांचा आणि दिलेल्या दक्षिणांचा. एकाच वाटेवर वैदिक यज्ञांचा हिशेब आणि बौद्ध चैत्याची देणगी. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत, ती काही हवेतून आली नाहीत. व्यापारी, कारागीर, शेतकरी यांनी पैसे दिले. कुणी चैत्य दिला, कुणी नुसती एक पोढी दिली, म्हणजे पाण्याचं टाकं. ज्याची जशी ऐपत. आपल्या देवळांत फरशीवर "कै. अमुक यांचे स्मरणार्थ" असतं ना, तेच.

कार्ल्याच्या लेण्यांतही हेच. एकवीरेच्या दर्शनाला आमचे कोळी आणि आगरी शेजारी दर वर्षी पालखी घेऊन जातात, आणि देऊळ चैत्याच्या अगदी दाराशी आहे. आतल्या कितीतरी खांबांवर देणाऱ्याचं नाव आहे, त्यात धेनुकाकट गावचे यवन, म्हणजे ग्रीक म्हणवले जाणारे लोकही आहेत. वर लाकडी फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांच्या, खऱ्या. किती जण मान वर करतात?

आता भांडणाचं बोलतो, नाहीतर कमेंटमध्ये होईलच. एक बाजू म्हणते, लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, बौद्धबिद्ध काही नाही. दुसरी म्हणते, विहार बळकावलाय, गणपती हलवा. मला विचाराल तर दगड स्पष्ट बोलतो. विहार आधीचा, गणपती नंतरचा. हे मान्य केल्यानं माझा गणपती रतीभरही लहान होत नाही. आणि शेकडो वर्षं तिथे लोक अथर्वशीर्ष म्हणत आलेत, भिंतीवर गणपतीच्या कथांची चित्रं काढलीत, तेही आता त्या लेण्याचंच आहे. ते पुसून कुठलं मूळ हाती लागणार?

म्हणूनच तिकीट. त्या तिकिटावर देवाचा दर नाही लिहिलेला. आपल्यासाठी सात नंबर म्हणजे सगळं लेण्याद्री, पण रांगेत तीसेक लेणी आहेत आणि ती ठिसूळ होतायत, त्यांत वटवाघळं आहेत, खांबांवर बदाम कोरून नावं लिहिणारे प्रेमवीर आहेत. (सुलसदत्तानंही नाव कोरलं, पण आधी चैत्य बांधून दिला.) देखरेखीला माणसं लागतात. हां, माझीही एक तक्रार आहे. पैसे घेता तर सहा नंबरपाशी सुलसदत्ताच्या लेखाचा अर्थ मराठीत, मोठ्या अक्षरांत लावा की. आणि गावातल्या लोकांना, रोज पूजेला जाणाऱ्यांना तिकीट नको, ही मागणी मला रास्तच वाटते. अष्टविनायकाला मिनीबस करून येणाऱ्या माझ्यासारख्यानं मात्र २५ रुपयांसाठी धर्म संकटात आणू नये. ओझरच्या वाटेवर भावोजींनी माकडानं पळवलेल्या पेढ्यांचा हिशेब केला, तो तिकिटांपेक्षा जास्त निघाला.

परतल्यावर शेजारच्या काकू प्रसाद घ्यायला आल्या. आई त्यांना म्हणाली, "आपल्या कल्याणच्या माणसानं बांधलंय हो तिथं."

"गणपतीचं देऊळ?"

"नाही, शेजारचं. दोन्हीला एकच तिकीट आहे."