केप्लर-१६५८ बी: टक्कर इतक्यात नाही

केप्लर-१६५८ बी हा वायुमय महाग्रह येत्या काही वर्षांत स्वतःच्या ताऱ्यावर आदळणार, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. ग्रह ताऱ्याकडे सरकतो आहे, हे खरे. परंतु त्याचा ३.८५ दिवसांचा परिभ्रमणकाळ वर्षाला घटतो तो अवघा १३१ मिलिसेकंदांनी, म्हणजे जेमतेम पापणी लवावी एवढाच, आणि ही सूक्ष्म घट पकडण्यासाठी केप्लर, पालोमार येथील हेल आणि टेस या दुर्बिणींची तब्बल १३ वर्षांची निरीक्षणे जोडावी लागली. हा तारा उपमहाकाय, म्हणजे गाभ्यातले इंधन संपत आलेला, असून फुगून सूर्याच्या जवळजवळ तिप्पट आकाराचा झाला आहे. ग्रहामुळे त्याच्यात उठणाऱ्या भरती-ओहोटीत कक्षेची ऊर्जा झिजते आणि ग्रह आत सरकतो. याच गतीने टक्कर व्हायला सुमारे २५ लाख वर्षे लागतील.