आडनाव जुळलं म्हणून कोणी मेफ्लॉवरचा वंशज होत नाही

वंशावळीची आवड असणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच फिरतो. त्याचा गोषवारा असा: 1620 साली मेफ्लॉवर जहाजातून अमेरिकेत उतरलेल्या 102 प्रवाशांचे आज साडेतीन कोटी वंशज आहेत, आडनाव जुळत असेल तर तुम्ही त्यांतलेच, ऑनलाइन वंशवृक्ष उघडा, डीएनए चाचणी करा, चारशे वर्षांपूर्वीच्या पूर्वजापर्यंत कोणीही पोहोचू शकतो. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य दिशाभूल करणारं आहे.

साडेतीन कोटी हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. आलेल्यांपैकी निम्मे लोक पहिल्याच हिवाळ्यात दगावले. वंश चालला तो मोजक्या घरांचा. वादळात समुद्रात पडून दोराच्या आधाराने वाचलेला जॉन हाउलंड त्यांतला एक. त्याला आणि एलिझाबेथ टिलीला दहा मुलं झाली. आकडा मोठा असू शकतो, पण त्यावरून तुमच्या घराबद्दल काहीच कळत नाही.

आडनावाचा मुद्दा तर उलटाच आहे. सगळे जोशी किंवा सगळे पाटील एका कुळातले नसतात, हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. इंग्रजी आडनावांचंही तसंच आहे. मेफ्लॉवरवरच्या रिचर्ड वॉरनला सात मुलं, त्यांत पाच मुली. त्या बार्टलेट, लिटल, कुक, चर्च आणि स्नो या घरांत गेल्या. म्हणजे त्याच्या वंशजांचा मोठा भाग वॉरन हे नाव लावतच नाही, आणि वॉरन नाव लावणारे कितीतरी जण भलत्याच घराण्यांतले आहेत.

याच वॉरनची बायको ऑनलाइन वंशवृक्षांचं खरं रूप दाखवते. तिचं माहेरचं नाव जुआट, असं एकाने लिहिलं, दुसऱ्याने उतरवलं, आणि ते हजारो वृक्षांत जाऊन बसलं. पुरावा एकाकडेही नव्हता. पुढे इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यातलं ऑगस्टीन वॉकर नावाच्या माणसाचं 1613 चं मृत्युपत्र अभ्यासकांच्या हाती लागलं. त्यात त्याने आपली मुलगी एलिझाबेथ वॉरन आणि तिच्या मेरी, अ‍ॅन, सारा या मुलींचा उल्लेख केला आहे. 1610 मधल्या तिच्या लग्नाची चर्चमधली नोंदही जुळली. एका मृत्युपत्राने हजारो नकला खोट्या ठरवल्या! तरी जुनं नाव अजून काही वृक्षांवर दिसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक गोष्ट शंभर ठिकाणी लिहिली म्हणून तिचे शंभर पुरावे होत नाहीत.

छापील पुस्तकाला तरी डोळे मिटून मान द्यावा का? गुस्ताव आंजू (मृत्यू 1942) या माणसाने श्रीमंत अमेरिकन घराण्यांना बनावट वंशावळी विकल्या. खऱ्या नोंदींमध्ये तो कल्पित मृत्युपत्रं आणि कल्पित जन्मनोंदी बेमालूम मिसळायचा. त्या वंशावळी ग्रंथालयांत गेल्या आणि तिथून पुढच्यांनी उचलल्या.

तारखांचाही घोळ आहे. 1752 पर्यंत इंग्लंडच्या वसाहतींत वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे कागदावरचा फेब्रुवारी 1690 म्हणजे आपल्या हिशेबाने 1691. हे न पाहता नोंदी उतरवल्या की मूल लग्नाआधी जन्मलेलं दिसतं आणि भलतीच आई शोधली जाते.

डीएनए? बारा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या 4096 जागा होतात. त्यांतल्या बहुतेकांचा एकही तुकडा आपल्या शरीरात उरलेला नसतो. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र टिकतं, पण ते घराणं सांगतं, माणूस नाही. अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष थॉमस जेफर्सन याच्या घरी गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्जचा मुलगा एस्टन. 1998 मध्ये एस्टन हेमिंग्जच्या वंशजाचं वाय गुणसूत्र जेफर्सन घराण्याशी जुळलं. मात्र बाप थॉमस जेफर्सनच होता, या निष्कर्षाला बळ मिळालं ते एस्टनचा भाऊ मॅडिसन हेमिंग्जच्या 1873 च्या निवेदनातून, आणि गर्भधारणेच्या काळात जेफर्सन माँटिचेलो या आपल्या मळ्यावर होता हे दाखवणाऱ्या कागदांतून. म्हणूनच 1897 मध्ये स्थापन झालेली मेफ्लॉवर वंशजांची संस्था प्रत्येक पिढीच्या जन्म, लग्न, मृत्यूचे पुरावे मागते.

आणि ‘कोणीही’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. व्हर्जिनियातल्या कित्येक परगण्यांनी यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून रिचमंडला पाठवलेली दप्तरं एप्रिल 1865 च्या आगीत जळाली. गुलाम केलेल्यांची तर नावंच लिहिली गेली नाहीत: 1850 आणि 1860 च्या जनगणनेतल्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली जवळजवळ सगळीकडे फक्त वय, लिंग आणि रंग आहे. मेफ्लॉवरच्या आदल्या वर्षी, 1619 मध्ये, व्हर्जिनियात आफ्रिकन माणसं आणली गेली होती. 1625 च्या शिरगणतीत विल्यम टकरच्या घरी अँटनी, इझाबेल आणि त्यांचा बाप्तिस्मा झालेला मुलगा विल्यम यांची नोंद आहे. तेही वसाहतकाळातलं कुटुंबच. आज त्यांच्यासारख्यांचे वंशज, मुक्त झालेल्यांची नावं जिच्यात पहिल्यांदा लिहिली गेली त्या 1870 च्या जनगणनेपासून मागे शोधू लागतात, तेव्हा त्यांना मालकाच्या मालमत्तेच्या याद्या चाळाव्या लागतात. तिथे माणसाच्या नावापुढे त्याची किंमत लिहिलेली असते.